नोकरीचा अर्ज आणि आंबिवलीचा पत्ता

मोहोने येथील एनआरसी कारखाना २००९ साली बंद पडला आणि आंबिवली परिसराचा रोजगाराचा मोठा आधार गेला. घराजवळच्या कारखान्यात बाप-चुलत्यांची ओळख तरी असते. आता मुलांना अंबरनाथ किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीत अनोळखी माणसाकडे अर्ज करावा लागतो. तेथे ओळख करून देतो तो अर्जाला जोडलेला एक कागद.

हा कागद बहुतेक जण झेरॉक्सच्या दुकानात तयार मसुद्यावरून टाइप करून घेतात. ‘मी मेहनती व प्रामाणिक असून मला सेवेची संधी द्यावी.’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते, म्हणून ते कोणी वाचत नाही.

समजा, मुलाने मामूंच्या वर्कशॉपमध्ये चार वर्षे वेल्डिंग केले आहे. तर त्याने असे लिहावे : ‘आर्क वेल्डिंग व गॅस कटिंग करतो. चौकोनी पाइपचे गेट, जिन्याचे कठडे, पत्र्याच्या शेडचे सांगाडे बनवले आहेत. ड्रॉइंग पाहून माप काढतो. टिग वेल्डिंग येत नाही, शिकण्याची तयारी आहे.’ शेवटचे वाक्य गाळू नये. मालक हातात होल्डर देऊन दोन प्लेटी जोडायला सांगतो, तेव्हा खोटे तिथेच उघडे पडते.

सकाळच्या पाळीचे काम असेल, तर येण्याजाण्याचेही एक वाक्य हवे. आंबिवली कसारा मार्गावर, अंबरनाथ कर्जत मार्गावर. कल्याणला गाडी बदलून वेळेवर पोहोचेन, असे स्वतःहून लिहिलेले बरे.

आता पत्त्याचा प्रश्न. आंबिवलीचे नाव चोरीच्या बातम्यांत येते, म्हणून काही मुले कल्याणच्या नातेवाइकांचा पत्ता घालतात. हे चुकीचे आहे. आधार कार्डावर आंबिवली निघाली की मालकाला संशयाला कारणच मिळते. पत्ता खरा लिहावा आणि खाली दोन माणसांची नावे त्यांना विचारून द्यावीत : एक आपले उस्ताद, दुसरे आयटीआयचे किंवा शाळेचे शिक्षक.

इथे आपल्या कारखानदार बांधवांचीही चूक आहे. पोरगा वर्षानुवर्षे राबतो, पण जाताना उस्ताद त्याला अनुभवाचा दाखला देत नाहीत. ‘कागदाची काय गरज?’ म्हणतात. मामू असले म्हणून काय झाले? लेटरहेडवर कामाचा प्रकार, सुरुवातीची व शेवटची तारीख, सही-शिक्का, एवढे लिहायला पाच मिनिटे पुरतात. हाताखाली शिकलेल्याचा तो हक्कच आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत कामातूनच शिकलेल्या कारागिरांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद झाली. असे प्रमाणपत्र मिळालेले असेल, तर त्याची प्रत दाखल्यामागे लावावी.

पत्र एका पानाच्या पुढे जाऊ नये. मोबाइल नंबर स्वतःचा द्यावा, शेजाऱ्याचा नको.