सरळ रेणू, वाकडा रेणू

सोडावॉटरच्या बाटलीत पाणी असते आणि त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. दोन्हींच्या रेणूत तीन-तीनच अणू. कार्बन डायऑक्साइडचा रेणू तर पाण्याच्या रेणूपेक्षा जवळजवळ अडीचपट जड. तरीही बूच उघडताच हा जड रेणूच फसफसत हवेत पळतो आणि हलके पाणी बाटलीत राहते. असे का व्हावे?

प्रथम बंधांकडे पाहू. दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक असली, तरी तिच्यावर दोघांची ओढ सारखी असतेच असे नाही. ऑक्सिजनची ओढ कार्बनपेक्षा जास्त, हायड्रोजनपेक्षाही जास्त. त्यामुळे ऑक्सिजनवर थोडा ऋण भार येतो व दुसऱ्या अणूवर थोडा धन भार राहतो. अशा बंधाला ध्रुवीय बंध म्हणतात. म्हणजे आपल्या दोन्ही रेणूंतले बंध ध्रुवीयच आहेत! फरक आहे तो रेणूंच्या आकारात.

कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन मधोमध आणि दोन ऑक्सिजन त्याच्या नेमके विरुद्ध बाजूंना, एका सरळ रेषेत असतात. रस्सीखेचीत दोन्हीकडचे गडी सारख्याच ताकदीचे असले, की मधली गाठ जागची हलत नाही. तसेच येथे होते. दोन ओढी एकमेकींना रद्द करतात आणि संपूर्ण रेणू अध्रुवीय ठरतो.

पाण्यात ऑक्सिजन मध्ये असतो. त्याच्याभोवती इलेक्ट्रॉनांच्या चार जोड्या असतात. दोन बंधांत गुंतलेल्या, दोन मोकळ्या. या जोड्या एकमेकींना दूर लोटतात, म्हणून दोन बंध सरळ रेषेत न राहता १०४.५ अंशांचा कोन करतात. आता दोन्ही ओढी रद्द होत नाहीत. त्यांची बेरीज होते. रेणूचे ऑक्सिजनकडचे टोक ऋण आणि हायड्रोजनकडची बाजू धन बनते.

ही ध्रुवीयता मोजताही येते. तिच्या मापाला द्विध्रुव आघूर्ण म्हणतात. त्याचे 'डिबाय' हे एकक पीटर डिबाय यांच्या नावाचे आहे. १९३६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पाण्याचे आघूर्ण १.८५ डिबाय, तर कार्बन डायऑक्साइडचे शून्य!

पाण्याच्या एका रेणूची धन बाजू शेजाऱ्याच्या ऋण टोकाला धरून ठेवते. ही पकड सोडवायला खूप उष्णता लागते, म्हणून पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. मिठातले धन व ऋण आयन वेगळे करून त्यांना वेढून घेणे पाण्याला जमते तेही याचमुळे. पाण्याचा रेणू सरळ असता, तर ना समुद्र खारट असता, ना आपल्या रक्तातून क्षार वाहिले असते.

आता एक कोडे. १,२-डायक्लोरोएथिलीनचे दोन प्रकार आहेत. अणू तेच, बंधही तेच. एकात दोन्ही क्लोरीन दुहेरी बंधाच्या एकाच बाजूस, तर दुसऱ्यात विरुद्ध बाजूंस असतात. एक सुमारे ६० अंशांना उकळतो, दुसरा सुमारे ४८ अंशांना. कोणता कोणता? कागदावर आकृती काढा, ओढींचे बाण दाखवा. उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल.