पारखून घेतलेली श्रद्धा

बायबलमधल्या बेरिया गावच्या लोकांचा उल्लेख जेमतेम दोन-चार ओळींचा आहे. पौलासारखा प्रेषित समोर उभा राहून बोलत असतानाही ते रोज शास्त्र उघडून बघत, हा माणूस सांगतो ते खरे आहे का म्हणून. प्रेषितांच्या कृत्यांच्या 17व्या अध्यायात लूक याबद्दल त्यांना नावे ठेवत नाही. उलट थेस्सलनीकेच्या लोकांपेक्षा ते थोर मनाचे होते असे लिहितो. येशूनेही देवावर प्रीती करायला सांगताना अंतःकरणाबरोबर बुद्धी मोजली आहे. तरीही ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे बुद्धी चर्चच्या पायरीशी ठेवून आत जाणे, अशी समजूत बाहेर आहे आणि दुर्दैवाने आतही आहे. मराठी ख्रिस्ती परंपरेचा इतिहास मात्र या समजुतीच्या अगदी विरुद्ध साक्ष देतो.

फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली निघाले. ते सुरू होते एका प्रश्नापासून. गोव्यातल्या साष्टीचा एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्रीला विचारतो, आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे का देत नाही? सत्ता पोर्तुगिजांची होती, तिच्या जबरदस्तीचा इतिहास कुणी झाकू नये. त्या काळातही स्टीफन्सला ग्रंथारंभी हा प्रश्न मांडावासा वाटला आणि उत्तरादाखल त्याने जवळजवळ 11 हजार ओव्या रचल्या.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत वाद जाहीर झाले. 1831 साली हिंदू धर्माच्या बाजूने मोरभट दांडेकर आणि ख्रिस्ती धर्माच्या बाजूने मिशनरी जॉन विल्सन समोरासमोर आले. 1857च्या आरंभी विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी समुद्रकाठी मिशनऱ्यांशी वाद घातला, तो कित्येक आठवडे चालला. अशा वादांतून कुणाचे मतांतर किती झाले हे सोडून देऊ. पण विष्णुबुवांसारख्यांनी ख्रिस्ती मंडळींवर मोठे उपकार केले असे मी मानतो, कारण कच्ची उत्तरे त्यांच्यापुढे टिकत नसत.

नीळकंठशास्त्री गोरे (1825–1895) याच घडणीचे. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणाऱ्या जॉन म्यूरच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला संस्कृतातच खंडन लिहिले. खंडनासाठी प्रतिपक्ष वाचला आणि वाचता वाचता त्यांची स्वतःची भूमिका डळमळली. 1848 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. शंकांनी मात्र त्यांना पुढेही सोडले नाही. एका पंथाची मांडणी अपुरी वाटली म्हणून ते अँग्लिकन चर्चमधल्याच दुसऱ्या प्रवाहाकडे वळले. अशा माणसाला कमकुवत श्रद्धेचा म्हणणे सोपे आहे. मला ते त्यांचे सर्वांत मोठे प्रामाणिकपण वाटते.

गोऱ्यांच्या पत्रांनी पंडिता रमाबाईंच्या विचारांना वळण दिले. ब्राह्मोसमाजातून जे धर्मविचार आपण घेतले ते मुळात ख्रिस्ती आहेत, हे आपल्याला त्यांच्या पत्रामुळे पटले, असे रमाबाईंनी स्वतः लिहिले आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा आणि त्यांची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. खरी कसोटी त्यानंतर लागली. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांची अपेक्षा होती की नव्या शिष्येने चर्चची शिकवण निमूट स्वीकारावी. रमाबाई त्रैक्याबद्दल विचारीत राहिल्या, येशूच्या कुमारीजन्माबद्दल विचारीत राहिल्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, लिहायचेच तर संस्कृतात लिहीन, असे त्यांनी ठणकावले. त्यांनी तरुण इंग्रज पुरुषांना शिकवू नये असे हिंदुस्थानातल्या बिशपांनी कळवले, तेव्हा त्या संतापल्या. भटांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले ते दुसऱ्या पुरोहितांचे चढवून घेण्यासाठी नव्हे, हा त्यांच्या पत्रांचा आशय आहे. वयाची तिशीही न गाठलेली, परक्या देशात दुसऱ्यांच्या आश्रयाला असलेली विधवा हे लिहीत होती. ती पत्रे वाचताना आजही ऊर भरून येतो.

पण रमाबाईंचे निव्वळ बंडखोर म्हणून कौतुक केले तर त्यांची अर्धीच ओळख होते. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे कबूल केले. म्हणजे तर्काने जिथवर नेले त्याचीही त्यांनी पारख केली. 1905 साली केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात जागृतीची लाट आली. मुली रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करीत, काही अनोळखी भाषांत बोलत. रमाबाईंनी ते थोतांड म्हणून मोडून काढले नाही. अन्य भाषा बोलता आल्याच पाहिजेत, नाही तर आत्मा मिळाला नाही, असा आग्रहही धरला नाही. त्याच काळात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या बायकांना कळेल असे बायबल मूळ भाषांतून मराठीत आणण्यात गुंतल्या होत्या. 1922 साली त्या वारल्या. मुक्तीच्या छापखान्यातून संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो 1924 साली. प्रार्थनेचा कल्लोळ आणि व्याकरणाचा अभ्यास एकाच आवारात शेजारी शेजारी नांदले, हे मला फार मोलाचे वाटते.

कवी ना. वा. टिळकांना 1893 साली आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला, बाप्तिस्मा झाला 1895 साली. मधला काळ वाचनाचा आणि झगड्याचा. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट वेगळी. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात दिसते की सोवळ्याओवळ्याचा आणि जातीचा प्रश्न त्यांनी आधी स्वतःच्या मनाशी सोडवला, बाप्तिस्मा मागून, 1900 साली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईचा हा विवेक पंडितांच्या तोडीचा आहे.

कॅथलिकांमध्ये इग्नेशियस लोयोलाच्या परंपरेत मनात उठणाऱ्या ऊर्मींची पारख ही शिकण्याची साधना मानली जाते: कोणती ऊर्मी देवाकडे नेते, कोणती फसवते. स्टीफन्स इग्नेशियसच्याच येशूसंघाचा, आणि मुंबईत जन्मलेले फादर अँथनी डिमेलोही. लोणावळ्याच्या ‘साधना’ संस्थेतून डिमेलोंनी हजारोंना आत पाहायला शिकवले. 1987 साली ते गेले. 1998 साली रोमने त्यांच्या काही मतांना हरकत घेतली. चर्चला तपासण्याचा अधिकार आहेच. पण उत्तर द्यायला लेखक हयात नसताना झालेली ही तपासणी मला अपुरी वाटते.

आज पारखीची गरज अधिक आहे. मैदानांवरच्या आरोग्यसभांत औषधे थांबवायला सांगणारे, दशमांश दिला की कर्ज फिटेल असे वचन देणारे, तरुण मुलींच्या लग्नांबद्दल ‘देवाने मला दाखवले’ म्हणणारे उपदेशक मराठी मंडळ्यांपर्यंत पोहोचले आहेत. गरीब आणि आजारी माणसे त्यांच्याकडे आशेने जातात, म्हणून हे अधिक क्रूर आहे. महाराष्ट्राचा 2013चा जादूटोणाविरोधी कायदा सर्वांना लागू आहे, पण मंडळीने पोलिसांची वाट का पाहावी? शब्बाथ शाळेत मुलांना वचने पाठ करून घेतो, तशी ती कुणी कुणाला उद्देशून आणि कधी लिहिली हेही शिकवता येईल. स्त्रीमंडळात रमाबाईंची पत्रे वाचता येतील. रविवारच्या उपासनेनंतर पाळकांनी अर्धा तास थांबावे आणि त्या दिवशीच्या प्रवचनावर कुणालाही, अगदी दहावीतल्या मुलीलाही, उभे राहून विचारू द्यावे.