ओळंबा काय सांगतो

सकाळी ६.००
इंडियानातल्या फोर्ट वेनमध्ये सप्टेंबरात या वेळी अजून काळोखच असतो. गॅरेजच्या टेबलावर दोन जायरोंची, म्हणजे डोक्यावर पाती फिरणाऱ्या छोट्या उडत्या यंत्रांची, ड्रॉइंग्ज पसरली आहेत. डावीकडे बेन्सन बी-८एम, उजवीकडे जायरोबी. यांतलं कुठलं बांधायचं याचा घोळ सहा महिने चाललाय. ॲल्युमिनियमची ऑर्डर आज रात्री जायलाच हवी.

बेन्सनवर माझा जीव आहे. १९५७ साली उडालेलं हे यंत्र म्हणजे चौकोनी नळ्या, नटबोल्ट, डोक्यावर दोन पाती आणि पाठीमागे मॅकलॉकचं इंजिन, जे मुळात लष्कराच्या सरावाच्या ड्रोनसाठी बनलं होतं. इगोर बेन्सन यांनी ड्रॉइंग्ज विकायला काढली आणि साध्या माणसाला घरच्या घरी उडतं यंत्र बांधता येऊ लागलं. इथून तासाभरावरच्या मेंटोनला, पॉप्युलर रोटरक्राफ्ट असोसिएशनच्या धावपट्टीवर, मी जायरो पहिल्यांदा जवळून पाहिला. ही संस्थाही बेन्सन यांनीच १९६२ साली उभी केली.

७.३०
बाबांचा फोन. तिकडे भारतात संध्याकाळचे पाच.

"इंजिन बंद पडलं तर रे?"

"पात्यांना इंजिन जोडलेलंच नसतं, बाबा. मागचा पंखा यंत्राला पुढे ढकलतो आणि खालून येणाऱ्या वाऱ्यावर पाती भिरभिरतात. इंजिन गेलं तरी खाली उतरताना वारा खालूनच लागतो. पाती फिरत राहतात."

"आणि वारा वरून आला तर?"

किर्लोस्करवाडीच्या मशीन शॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. सुकाणूचा दांडा झटक्यात पुढे लोटला किंवा वरून जोराचा झोत आला, की पात्यांवरचा भार क्षणभर उतरतो. पंख्याचा आस यंत्राच्या गुरुत्वमध्यापेक्षा वर असेल, तर पात्यांची ओढ सुटताच पंखा नाक खाली दाबतो. यंत्र कोलांटी खातं. मंदावलेली पाती हवेत पुन्हा वेग धरत नाहीत. याला पॉवर पुशओव्हर म्हणतात आणि यातून क्वचितच कोणी वाचतो.

वेग कमी झाला की विमानं कोसळतात, ते टळावं म्हणून हुआन दे ला सिएर्वा यांनी जायरोचं मूळ यंत्र, ऑटोजायरो, घडवलं. १९२३ साली ते स्पेनमध्ये उडालं. पडू नये म्हणून जन्मलेल्या यंत्राने माणसं अशी जावीत, याचं मला फार वाईट वाटतं.

१०.००
मित्राच्या शेडमध्ये. त्याने बेन्सनच्या धर्तीवर बांधलेला जुना जायरो चेनपुलीने उचलला, तोही पात्यांच्या मधल्या बोल्टला धरून. मी आसनावर बसलो, टाकी अर्धी भरलेली. बोल्टावरून ओळंबा सोडून मित्राने खडूने रेघ मारली. मग टांगायची जागा बदलून दुसरी रेघ. दोन्ही जिथे छेदतात तो गुरुत्वमध्य.

तिथून पंख्याचा आस सहा इंच वर निघाला.

आम्ही पुन्हा टांगलं, पुन्हा मोजलं. सहाच. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधनाने याच अंतरावर बोट ठेवलं आहे आणि ब्रिटनमध्ये ते दोन इंचांच्या आत असावं असं धरतात. त्यात या यंत्राला नाक सावरणारी आडवी शेपटी नाही. मित्र बराच वेळ त्या खडूच्या खुणेकडे बघत राहिला. हे यंत्र यापुढे उडवणार नाही, असं त्याने सांगितलं. मी त्याला मिठी मारली.

दुपारी २.००
जायरोबीचं ड्रॉइंग. राल्फ टॅगर्ट यांनी ते सगळ्यांना फुकट खुलं केलं, हे त्यांचे केवढे उपकार! रोटॅक्स ४४७ इंजिन, मागे आडवी शेपटी. अमेरिकेच्या अल्ट्रालाइट नियमात बसायचं तर रिकामं वजन २५४ पौंडांच्या, म्हणजे साधारण ११५ किलोंच्या आत हवं. एकेका भागाचं वजन आणि उंची मांडत गेलो. माझं वजन धरलं तर आसन थोडं वर घ्यावं लागतं, म्हणजे आस दोन इंचांत येतो. त्याने वजन वाढतं, म्हणून पुढच्या चाकाचे ब्रेक काढले. तीनदा बेरीज केली.

नियम परवाना मागत नाही. तरी दोन आसनी जायरोवर शिक्षकाबरोबर शिकल्याशिवाय मी याला हात लावणार नाही.

रात्री ८.००
ऑर्डर पाठवली. ६०६१-टी६, दोन इंची चौकोनी नळी, पाव इंचाच्या निम्म्या जाडीची. यादीत सगळ्यात वर शेपटीचं सामान आहे. बेन्सनचं ड्रॉइंग भिंतीवर लावलं आणि ओळंब्यासाठी छताच्या तुळईत हुक ठोकला.