उकळत्या पाण्याजवळ जगणारा जिवाणू आणि आरएनए कापणारी कात्री

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे इथे पाणी १०० नव्हे, साधारण ९८ अंश सेल्सिअसलाच उकळतं. चहाचं आधण उकळायच्या जरा आधी जितकं तापलेलं असतं, तितक्या म्हणजे ९५ अंशांपर्यंतच्या पाण्यात 'अ‍ॅक्विफेक्स एओलिकस' हा जिवाणू वाढू शकतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून तो ऊर्जा मिळवतो आणि त्यात पाणी तयार होतं. म्हणून त्याचं नाव अ‍ॅक्विफेक्स, म्हणजे पाणी बनवणारा.

याच्या 'आरएनेझ थ्री' या विकरामुळे (एन्झाइम) आपल्या पेशींतली एक कात्री समजायला मदत झाली. आरएनए बहुधा एकेरी धागा असतो, पण दुमडला किंवा दुसऱ्या धाग्याशी जुळला की दुहेरी होतो. हे विकर नेमका तो दुहेरी भाग कापतं. माणसातलं 'डायसर' याच कुळातलं. नाशिकच्या द्राक्षवेलींतही डायसरसारखी विकरं असतात आणि ती विषाणूंच्या दुहेरी आरएनएचे तुकडे करतात.

मग थेट डायसरच का नाही तपासलं?

प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी पाहायची तर त्याचे असंख्य रेणू खडीसाखरेसारखे शिस्तीत रचून स्फटिक करावा लागतो. त्यावर क्ष-किरण सोडले की ठिपक्यांची नक्षी मिळते आणि तिच्यावरून अणूंच्या जागा काढता येतात. डायसर मोठं आणि लवचीक, त्यामुळे रांगेत बसायला अवघड. उष्णताप्रेमी जिवाणूंची प्रथिनं अनेकदा घट्ट बांधणीची असतात. शिवाय ती साध्या जिवाणूत तयार करून मिश्रण तापवलं, तर बाकीची बरीचशी प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठतात आणि हवं ते वेगळं काढणं सोपं होतं.

चित्र बरोबर, अर्थ चुकीचा

अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या शिन्हुआ जी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या विकराच्या कापणाऱ्या भागाची रचना मांडली. दोन सारखे रेणू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये खोबण. त्या स्फटिकात आरएनए मात्र नव्हता. तो मॉडेलमध्ये बसवून पाहिला गेला आणि कापण्याची केंद्रं दोन असावीत, असा अर्थ निघाला.

२००४ मध्ये विटोल्ड फिलिपोविच यांच्या गटाने डायसर आणि जिवाणूंचं आरएनेझ थ्री, दोन्हींत बदल करून प्रयोग केले. केंद्र एकच निघालं. जिवाणूच्या विकरात दोन रेणू मिळून काम करतात आणि प्रत्येकजण एकेक धागा कापतो. २००६ मध्ये जी यांच्याच गटाने आरएनए धरून ठेवलेल्या विकराचा स्फटिक मिळवला आणि त्यातही तेच दिसलं. आपलंच जुनं मॉडेल मोडणारा पुरावा त्यांनी स्वतः प्रसिद्ध केला, हे विशेष.

दोन धाग्यांवरचे काप समोरासमोर नसतात. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या टोकाला दोन अक्षरांची एकेरी शेपटी उरते. डायसरने कापलेल्या तुकड्यांनाही अशीच शेपटी असते. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं 'पॅटिसिरान' हे औषध म्हणजे असाच कृत्रिम दुहेरी तुकडा. आनुवंशिक आजारात नसा खराब करणाऱ्या एका प्रथिनाची निर्मिती ते रोखतं आणि त्याच्या टोकांनाही दोन अक्षरांची शेपटी जोडलेली आहे.