हात शिकवायचे कुणी?

आयटीआयच्या फिटर ट्रेडला नवा आलेला मुलगा सुरुवातीचे काही आठवडे जवळपास एकच काम करत असतो. व्हाइसमध्ये लोखंडी पट्टी घट्ट धरायची आणि कानशीने घासायची. थोडी घासली की ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायची. पात्याखालून प्रकाशाची रेघ दिसली तर पृष्ठभाग अजून सरळ नाही, पुन्हा घासायचा. दोन वर्षांनी याच मुलाने एकात एक बसणारे दोन भाग मिलिमीटरच्या काही शतांशांत जुळवून दाखवावेत, अशी अपेक्षा असते. कानस कुठे दाबायची आणि कुठे सैल सोडायची, हे पुस्तक वाचून येत नाही. शिल्पनिदेशक मागून येतो, कोपर धरून थोडा वर करतो, ‘मनगट हलवू नको, खांद्यातून जोर दे’ म्हणतो. तेवढ्याने काम सुधारते. कौशल्यविकासाची कुठलीही योजना मी या व्हाइसपाशी उभे राहून पारखतो. तिथे शिकवणारा माणूस आहे का, एवढेच मला पाहायचे असते.

चाकणपासून शिरोली-गोकुळ शिरगावपर्यंत कुठल्याही औद्योगिक वसाहतीत गेलात तर कारखानदार एकच गाऱ्हाणे सांगतात : वेल्डर मिळत नाही, मशिनिस्ट टिकत नाही, मोल्डिंगला माणूस नाही. दुसरीकडे २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज आले. ‘हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत’ असे म्हणणाऱ्यांनी पहाटे एखाद्या तालुक्याच्या मैदानावर जावे. १६०० मीटरची वेळ दोन-चार सेकंदांनी कमी व्हावी म्हणून वर्षानुवर्षे धावणारी ही मुले आळशी नाहीत. ज्या नोकरीत उद्याची खात्री आहे, तिच्यासाठी ती घाम गाळतात. कारखान्याच्या दारात त्यांना कंत्राटदार भेटतो आणि अकरा महिन्यांनी पुन्हा रस्ता दिसतो.

कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगात हे ठळकपणे दिसते. इथल्या भट्ट्यांतून निघणारे सुटे भाग देशभरच्या वाहनांत आणि पंपांत बसतात. पण साचा भरणारे, वितळलेला रस ओतणारे, फेटलिंगला म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला बसणारे हात मोठ्या प्रमाणावर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले. २०२० च्या टाळेबंदीत ते गावी परतले, तेव्हा हा उद्योग परक्या मुलखातून आलेल्या माणसांवर किती उभा आहे ते सर्वांनी पाहिले. स्थानिक मुलगा या कामाला येत नाही, याला उष्णता आणि धूळ ही कारणे आहेतच. पण साचा भरणाऱ्याचा पाच वर्षांनी पर्यवेक्षक होतो, असा रस्ता त्याला कुणी दाखवत नाही, हे मला अधिक मोठे कारण वाटते.

एके काळी हा रस्ता याच भागात होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर आले, तेव्हा तिथे कारागीर कुठून असणार? औंधच्या राजांनी जागा दिली. आसपासच्या खेड्यांतली माणसे भट्टीवर आणि लेथवर शिकत गेली आणि लोखंडी नांगर बनू लागले. कोल्हापूरच्या उद्यमनगरातही पिढ्या मिस्त्रीच्या हाताखालीच घडल्या. त्या पद्धतीत शोषण होते, जातीपातीच्या भिंती होत्या. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण शिकवणारा आणि काम देणारा एकाच छपराखाली होता.

स्वातंत्र्यानंतर आपण हे दोघे वेगळे केले. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. कारखान्याशी सांधा जुळावा म्हणून १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा झाला. आराखडा चांगलाच होता. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. दहावीनंतर गरिबाच्या मुलाला इतक्या जवळ आणि इतक्या कमी खर्चात तंत्रशिक्षण देणारी दुसरी व्यवस्था नाही. पण निदेशकांच्या जागा रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर माणसे नेमली जातात. उद्या आपण इथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने मुलाचा कोपर किती धीराने धरावा?

कारखान्यातही शिकाऊ उमेदवाराला वर्षभर एकाच मशीनवर एकच बटण दाबायला उभे केले जाते, असे अनेक ठिकाणी घडते. वर्ष संपले की नवी तुकडी येते. विद्यावेतन निघते, उत्पादन निघते, कारागीर तेवढा निघत नाही. २०१५ नंतर ‘कौशल्य भारत’च्या गजरात काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमांची लाट आली. केंद्र सरकारने नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने २०१६ च्या अहवालात या घाईवर बोट ठेवले होते. तरी २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली : सहा महिने काम, शिक्षणानुसार सहा, आठ किंवा दहा हजार रुपये, तेही सरकारी तिजोरीतून. गरजू मुलांना पैसे मिळाले, ते मी कमी लेखत नाही. पण ज्याच्या खिशातून काही जात नाही, तो शिकवण्याची तोशीस का घेईल? पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढली, आणि नंतर याच मुलांवर कायम करा म्हणत आंदोलनाला बसण्याची वेळ आली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीचे उद्दिष्ट दहा हजारांचे. नाते जुने आहे, मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. आपली मुले तिकडे जावीत, भाषा शिकावी, कमवावे. पण तिथून पद्धतही आणायला हवी. जर्मनीत शिकाऊ मुलगा साधारण तीन ते साडेतीन वर्षे आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले शाळेत असतो. पगार कंपनी देते, परीक्षा उद्योजकांचे मंडळ घेते. मुलगा कच्चा राहिला तर लाज मालकाला वाटते.

आपल्याकडेही याच्या जवळ जाणारा प्रयोग झाला आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून ते या दुष्काळी गावात आले आणि शाळेने नापास ठरवलेल्या मुलांना हाताशी धरले. वर्षभराच्या अभ्यासक्रमात वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया असे सगळे असते. मर्म असे की कामे खरी असतात. गावकऱ्याला फाटक हवे असते, मुले मोजमाप घेतात, साहित्याचा हिशेब मांडतात, जोड मारतात. फाटक वाकडे लागले तर गिऱ्हाईक तोंडावर सांगते. क्षेत्रफळाचे गणित फळ्यावर न समजलेल्या मुलाला ते पत्रा कापताना समजते. यातूनच शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला आणि दहावीच्या मंडळाने तो स्वीकारला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या पहिल्या फॅब लॅबपैकी (संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याच्या कार्यशाळांपैकी) एक २००२ मध्ये याच पाबळला आली. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालू आहे. चार दशकांचा हा अनुभव हाताशी असताना दर दोन-तीन वर्षांनी नव्या नावाची योजना कशाला हवी?

हे वाचणाऱ्यांत अनेक लहान-मोठे कारखानदार असतील. तीस किंवा अधिक माणसे कामाला असतील तर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे नियमाने तुमच्यावर बंधनकारक आहे. ते घ्याच. पण त्यांच्यासाठी तुमच्याकडचा सर्वांत जाणता मिस्त्री रोज दोन तास मोकळा ठेवा, आणि त्या दोन तासांचा पगार उत्पादनाच्या खर्चात धरा.