शेवटचे पावणेपाचशे किलोमीटर

न्यू यॉर्क ते मुंबई हे अंतर साधारण 12,500 किलोमीटर. घरात पृथ्वीचा गोल असेल तर या दोन शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा अटलांटिक ओलांडून सरळ पूर्वेला येत नाही. तो वर सरकतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला शिवतो, आइसलंडवरून जातो आणि रशियावरून खाली उतरत मुंबई गाठतो. भिंतीवरच्या नकाशात हा भलताच वळसा दिसेल, पण याहून जवळची वाट नाही. वारा आणि बंद हवाई हद्दी बघून विमान थोडं इकडेतिकडे होतं, तरी सुमारे 15 तासांत मुंबईत उतरतं. म्हणजे ताशी सव्वाआठशेच्या वर.

आता तिथून पुढे कसाल, जिथे महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो. रस्त्याने पावणेपाचशे किलोमीटर. गणपतीच्या गर्दीत गाडीने 12 तास सहज जातात, वडखळ-माणगावला अडकलात तर जास्तच. ताशी 40 किलोमीटर! सगळ्या प्रवासातलं जेमतेम पावणेचार टक्के अंतर, आणि त्याला 27 पैकी 12 तास. गाडीच्या या वेगाने न्यू यॉर्कहून मुंबईला यायचं तर न थांबता 13 दिवस लागतील. उलट मुंबई ते कसाल हवेतून मोजलं तर अंतर अवघं 335 किलोमीटर, त्या विमानाच्या वेगाने 24 मिनिटांचं.

26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली : 741 किलोमीटर, 91 बोगदे. तिने आमचं जगणं बदललं, यात शंकाच नाही. वंदे भारत एरवी सहा तासांच्या आसपास कणकवलीला सोडते. पण पावसाळ्यात दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागतो, आणि गणपती नेमके त्याच दिवसांत येतात. सुरक्षेपोटी हे मान्यच करायला हवं. महामार्गाचं तसं नाही. एका तपाहून जास्त काळ रेंगाळलेल्या चौपदरीकरणाला पाऊस हे कारण पुरत नाही. चाकरमान्यांचे वर्षानुवर्षं वाया गेलेले तास कुणी तरी हिशेबात धरायला हवे होते.

9 ऑक्टोबर 2021 ला चिपीचा विमानतळ सुरू झाला. कसालपासून तो हवेतून पंचवीसेक किलोमीटरवर. जानेवारी 2023 पासून गोव्यात मोपाही आहे, कसालहून रस्त्याने दीड-दोन तासांवर. तेव्हा अमेरिकेतून किंवा आखातातून गणपतीला कुणी येणार असेल, तर तिकीट मुंबईपर्यंतच काढायला सांगू नका. चिपी किंवा मोपाला जोडविमान मिळतं का ते आधी बघा, आणि नसेल तर रेल्वेचं आरक्षण खुलं होईल त्याच दिवशी करा.