पाहुण्याचा लॅपटॉप आणि आपली अमानत

ईदच्या सुट्टीत पुण्याला शिकणारी, नोकरी करणारी मुले शेवगावला घरी येतात. सोबत त्यांचे लॅपटॉप आणि मित्रही येतात. सलाम-दुआ झाली, शीरखुर्मा झाला की विचारणा होते, "खाला, वायफायचा पासवर्ड काय?" आपणही तो आनंदाने सांगतो. मेहमाननवाजी आपल्या दीनचा भाग आहे. पण त्याच वायफायवर दुकानाचा संगणक जोडलेला असेल, तर पासवर्डसोबत आणखी बरेच काही दिले जाते.

आपल्याकडे अनेकांचे खाली दुकान आणि वर घर असते. झेरॉक्स व ऑनलाइन फॉर्मचे दुकान असेल तर संगणकात गिऱ्हाइकांची आधार कार्डे, रेशन कार्डे, सातबारे, बँक पासबुके साठलेली असतात. शेजारीच घरच्या लग्नाचे, बायका-मुलींचे फोटो असतात. खालचा आणि वरचा संगणक एकमेकांना दिसावा म्हणून कुणीतरी फोल्डर शेअर करून देतो. परवानगीच्या यादीत 'एव्हरीवन', म्हणजे 'सगळे', निवडतो आणि पासवर्डची अट बंद करतो. मग पाहुण्याने लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडले की सगळे समोर!

पाहुण्याची नियत साफ असली तरी त्याच्या लॅपटॉपमध्ये काय दडले आहे, हे त्यालाही माहीत नसते. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस दीडशेहून अधिक देशांत पसरला. विंडोजमध्ये फोल्डर शेअर करण्याची जी यंत्रणा असते, तिच्यातील दोषातूनच तो एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला आणि आपल्या नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. एवढ्या मोठ्या बंदराची ही गत, तर आपल्या दुकानाचे काय?

सूरह नूरमध्ये (आयत 27) दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नये, अशी शिकवण आहे. याच सूरहमध्ये (आयत 58) घरातल्या लहान मुलांनीही दिवसातल्या तीन वेळी परवानगी घेऊन यावे, असे सांगितले आहे. नजरेचा पडदा जपणारी ही तालीम संगणकालाही लागू पडते. गिऱ्हाइकाचे कागद ही तर अमानत आहे.

उपाय फार अवघड नाहीत.

1. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेल तर ते सुरू करा. त्याचे नाव व पासवर्ड वेगळा ठेवा. पाहुण्याला इंटरनेट मिळेल, घरचे संगणक दिसणार नाहीत. गेस्टला घरच्या नेटवर्कमध्ये येऊ देणारा पर्याय बंद आहे ना, हे पाहा.

2. संगणकाच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालू करा. मग त्या संगणकावर ज्याचे खाते आहे, त्यालाच फोल्डर उघडेल. खात्याला पासवर्ड हवा. चार आकडी पिन इथे चालत नाही.

3. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, शेअरिंग, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स असे जा. 'एव्हरीवन' काढा आणि घरच्या माणसांची खाती घाला. ज्याला फक्त पाहायचे आहे त्याला 'रीड' पुरे. 'फुल कंट्रोल' दिले की फायली बदलण्याचा, पुसण्याचाही हक्क जातो. व्हायरसही तोच हक्क वापरतो.

4. विंडोजचे अपडेट टाळू नका. वॉनाक्रायने वापरलेल्या दोषावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता, तेच त्या वाटेने सापडले.

5. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झाले की ती काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर तीही धोक्यात.

शेवटी पाहुण्याच्याच लॅपटॉपवर त्याच्यासमोर 'नेटवर्क' उघडून पाहा. काही दिसत नसेल किंवा पासवर्ड मागत असेल, तर काम झाले. यात त्याचा अपमान नाही. दिवाणखान्यात बसलेला पाहुणा आतल्या खोलीचे दार बंद पाहून रागावत नाही. तो दस्तरखानावर खुशाल बसेल, आणि आपल्यावर भरवसा ठेवून कागद देणाऱ्यांची अमानतही, इन्शाअल्लाह, सुरक्षित राहील.